दाढेतला समुद्र

दाढेवरचा तो खड्डा खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान होता. भिंगातून पाहिला तरच दिसायचा. कडा स्वच्छ, तळ किंचित दुधी, आणि चावताना कशाला लागणार नाही अशा बेताने तो बाजूच्या उतारावर घेतलेला. वृषाली तेंडोलकरने भिंग खाली ठेवलं. काम नेटकं झालं होतं. ते तिचं नव्हतं, प्रयोगशाळेच्या दुसऱ्या तुकडीचं होतं; पण नेटकं काम कुणाचंही असलं तरी ते पाहून तिला बरं वाटायचं.

"तोंड मिटू?" हव्वाने उघड्या तोंडानेच विचारलं.

"मीट, मीट. दुखतं का अजून?"

"दुखत नाय. पण दाढ माझी, आणि बोलली माझ्याच विरुद्ध." हव्वा हसली. "सुगंधाबाय म्हणते, तुका दातकोरण्याने फसवल्यान."

दाराशी उभी असलेली पहारेकरी सुगंधा घाईने म्हणाली, "मी असा काय बोलूक नाय हां, मॅडम." पण तिलाही हसू आवरलं नाही.

कातळवाडीच्या सड्यावरच्या या इमारतीचं सरकारी नाव 'आश्रय-प्रतीक्षा केंद्र' असं होतं. गावातले लोक तिला 'खोळंबा' म्हणत. आश्रयाचा नवा कायदा आल्यापासून समुद्रावरून येणाऱ्या माणसांना निकाल लागेपर्यंत इथे ठेवत. कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं, आणि आत शक्य तेवढा चांगुलपणा होता. हव्वा इथे आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आता ती सुगंधाशी भांडू शकत होती.

हव्वा हुरावली द्वीपराष्ट्राची. वय चोविशीचं. दक्षिणेकडच्या बेटांखालचा समुद्रतळ खोदायला तिथल्या सरकारने परवानगी दिली, बेटवाल्यांनी विरोध केला, आणि धरपकड सुरू झाली. हव्वा त्यांच्या छोट्या रेडिओवर रोज अटक झालेल्यांची नावं वाचून दाखवायची. एके दिवशी वाचायच्या नावांत तिचा भाऊ आला, आणि पुढच्या आठवड्यात पोलीस तिच्याच दाराशी आले. ती मागच्या दाराने होडीत बसली.

भारतात तिला आश्रय मिळायला अडचण नव्हती. कायद्यात दक्षिण बेटांचा उल्लेखच होता. फक्त ती दक्षिण बेटांची आहे हे ठरायला हवं होतं. कागदपत्रं घरात राहिली होती आणि घर जाळलं गेलं होतं. म्हणून तिच्या पहिल्या दाढेतला कण यंत्रात घालून दाढ वाचली गेली.

निकाल 'जुळत नाही' असा आला.

आणि तो निकाल तिला समजेल अशा भाषेत सांगणं हे वृषालीचं काम होतं. तसा नियमच होता: यंत्राने माणसाबद्दल काही ठरवलं, तर ते का ठरवलं हे दुसऱ्या माणसाने समोर बसून सांगायचं. वृषाली हे काम फार मनापासून करायची.

"हे बघ," तिने हव्वासमोर एक पोवळ्याचा तुकडा आणि एक काळा दगड ठेवला. असे नमुने तिच्या पिशवीत नेहमी असत. "दाताचं वरचं कवच लहानपणी एकदाच तयार होतं. हाड आयुष्यभर बदलत राहतं, पण हे कवच बदलत नाही. ते बनवायला शरीराला कॅल्शियम लागतं. ते अन्नातून, पाण्यातून येतं. त्याच्याबरोबर स्ट्रॉन्शियम नावाचा एक पदार्थ थोडासा घुसतो. तो कॅल्शियमसारखाच वागतो, म्हणून शरीराला फरक कळत नाही. या स्ट्रॉन्शियमचे जड आणि हलके असे प्रकार असतात. त्यांचं प्रमाण जमिनीखालच्या खडकावर ठरतं. पोवळ्याच्या बेटावर ते समुद्रासारखं असतं. आमच्या या काळ्या कातळावर कमी. तुझ्या पहिल्या दाढेत ते कमी निघालं."

हव्वाने काळा दगड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "म्हणजे मी तुमच्या कातळावर जन्मले?"

"तसं कुणी म्हणत नाही. पण राजधानीच्या बेटावर मुलांना देशोदेशीची दूधभुकटी देतात, त्यामुळे तिथल्या लोकांचे आकडे कसेही येतात. म्हणून जो दक्षिणेशी जुळत नाही तो राजधानीचा, असं धरतात."

"आणि राजधानीची, तर परत पाठवणार."

"हो," वृषाली म्हणाली. ती असल्या वेळी शब्द मऊ करत नसे. "महिनाअखेर सुनावणी आहे. तिथे वकील मिळेल."

हव्वाने दगड खाली ठेवला. मग शेजारच्या खोलीतल्या एका बाईचं बाळ, नूर, रडू लागलं आणि ती उठली. "नूरची पेज गाळायची राहिली. चला, बसा चुलीशी. निकाल तिथे पण समजेल."

केंद्राचं स्वयंपाकघर मोठं आणि उजेडाचं होतं. हव्वाने एका पातेल्यावर पातळ फडकं बांधलं आणि भिजवून, मोड आणून, वाटलेल्या लालसर पिठाचं पाणी त्यातून गाळायला घेतलं. फडक्याला खालून हलकेच चिमटे काढत, थेंबही वाया न घालवता.

वृषाली पाहत राहिली. हे सत्त्व काढायची रीत तिच्या ओळखीची होती. तिने स्वतःच्या मुलीसाठी हे सगळं केलं होतं.

"हे कुणी शिकवलं तुला? सुगंधाने?"

"सुगंधाबाय? तिची पेज म्हणजे सिमेंट." मागून सुगंधाने निषेधाचा आवाज काढला. "आमच्याकडे सगळ्या बाळांची हीच. तुमच्या किनाऱ्यावरून गलबतं यायची नाचणी घेऊन. माझ्या आजीच्या आजीपासून. मोठ्या माणसांना त्यातला दाणा पण नाय. सगळी बाळांना."

"आणि कधीपर्यंत देता?"

"समुद्रातल्या पोवळ्याच्या भिंतीपर्यंत पोहता येईपर्यंत. ज्या दिवशी मूल भिंतीला हात लावून परत आलं, त्या दिवशी पेज बंद. मग मोठ्यांच्या पंगतीत बसायचं. मला उशीर झाला. सात वर्षांची होते. भाऊ चिडवायचा, दाढी आली तरी पेज खाशील म्हणून."

सुगंधाने दिलेला पाण्याचा पेला वृषालीच्या हातात तसाच राहिला.

नाचणीत दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं, हे इथल्या कुठल्याही आईला माहीत होतं. आणि नाचणी सह्याद्रीच्या उतारावर, काळ्या कातळाच्या मातीत पिकत होती. पहिल्या दाढेचं कवच जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं. त्या काळात हव्वाच्या शरीराने कॅल्शियम घेतलं ते बहुतेक सगळं कोकणातून गलबताने आलेलं. ज्यांनी यंत्राचा नकाशा तयार केला त्यांनी बेटांवरची माती मोजली होती, विहिरी मोजल्या होत्या, माडाची पानं मोजली होती. बाळं काय खातात ते कुणी विचारलं नव्हतं.

"राजधानीत देतात ही पेज?" तिने विचारलं.

"त्यांना आवडत नाय. लाल दिसते म्हणून गरिबांची म्हणतात."

म्हणजे यंत्र ज्या खुणेवरून हव्वाला दक्षिणेची नाही म्हणत होतं, तीच दक्षिणेची खूण होती.

वृषालीने पेला ठेवला. "तुझी अक्कलदाढ आहे का अजून?"

"एक आहे. का?"

"ती नऊ-दहा वर्षांच्या पुढे तयार होते. तेव्हा तू काय खात होतीस?"

"काय खाणार? नीरफणस, नारळ, वाळवलेले छोटे मासे काट्यासकट. टाकीतलं पावसाचं पाणी."

"त्या दाढेत समुद्र असायला हवा," वृषाली हळूच म्हणाली. मग आपण जरा जास्त बोललो असं वाटून तिने जोडलं, "असायला हवा. वाचल्याशिवाय सांगता येणार नाही."

हव्वा गाळता गाळता थांबली. "आणि ती पण खोटं बोलली तर?"

"दाढ खोटं बोलत नाही, हव्वा. पहिलीही बोललेली नाही. आम्ही तिला अर्धाच प्रश्न विचारला."

प्रयोगशाळाप्रमुखांनी वृषालीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. ते सज्जन होते आणि वृषालीच्या कामाला मानत. "मुद्दा उत्तम आहे," ते म्हणाले. "टिपण द्या. नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत घालू." दुसऱ्या दाढेचं वाचन मात्र प्रयोगशाळा आपण होऊन करू शकत नव्हती. ते अर्जदाराच्या वकिलाने मागायचं आणि न्यायाधिकरणाने मंजूर करायचं. तो नियम वृषालीला माहीत होता. चांगलाच नियम होता तो. नाहीतर प्रयोगशाळा आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत वाचत बसली असती.

हव्वाला मिळालेले विधी-साहाय्य वकील होते परुळेकर. वय साठीला टेकलेलं, पोट सुटलेलं, आणि अंगावर इतकी प्रकरणं की अशिलांची नावं ते बेटांवरून लक्षात ठेवत. वृषालीने त्यांना त्यांच्याच कचेरीत गाठलं. चहा येईपर्यंत तिने स्ट्रॉन्शियम समजावलं, चहा संपेपर्यंत दाढा.

"थांबा, थांबा," परुळेकर म्हणाले. "म्हणजे हे स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचा डमी उमेदवार. नाव वेगळं, पण परीक्षेला बसतो."

वृषाली मनापासून हसली. "अगदी तसंच. हे मी यापुढे वापरेन."

"वापरा. पण मॅडम, एक सांगू? हे तुमच्या तोंडून ऐकताना मला पटतं. माझ्या तोंडून मलाच पटणार नाही. आजवर दाढेविरुद्ध आमच्यापैकी कुणी उभंच राहिलेलं नाही. निकाल आला, 'जुळत नाही', की आम्ही गुपचूप सही करतो. दाताशी वाद कोण घालणार?" त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्याकडे वकिलीची सनद आहे ना?"

सनद होती. तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला जाता जाता वृषालीला कोर्टातल्या प्रश्नांची चीड येऊ लागली होती. विचारणाऱ्यालाच समजत नाही तो काय विचारणार, म्हणून ती सायंकाळच्या वर्गांना बसली, कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली. पगारी नोकरी असेपर्यंत ती वापरता येत नव्हती. आणि नोकरी सोडायची वेळ दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होती.

"नव्या नियमात सोपं केलंय," परुळेकर म्हणाले. "न्यायाधिकरणापुढे नोकरी सोडल्याचं तोंडी सांगितलं तरी सनद चालू होते, कागद मागाहून. आणि ती दाढ तुम्ही वाचलेली नाही, म्हणजे त्या बाजूनेही आडकाठी नाही, तेही मी पाहून घेतलंय. वकील बदलायची ना हरकत द्यायला मी एका पायावर तयार आहे. पायावर उभं राहणं मला जमत नाही, ते सोडा."

"तुम्हीच उभे राहा. मी सगळं तयार करून देते. प्रश्न, उत्तरं, आकृत्या," वृषाली म्हणाली.

"बरं," परुळेकर म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. जन्मभर माणसं पाहिली होती त्यांनी.

त्यानंतरचे दिवस वृषालीला फार आवडले. सकाळी प्रयोगशाळेत आपलं यंत्र. त्याची पहाटेची गुणगुण, काचेवर उमटणारे आकडे, चौथ्या दशांश स्थळापर्यंत स्थिर. दुपारी परुळेकरांची शिकवणी. एका रविवारी ती आणि तिचा नवरा संदेश केंद्रात गेले आणि हव्वाने त्यांना वाळल्या माशांची चटणी खिलवली. संदेश बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने हव्वाच्या होडीबद्दल इतके प्रश्न विचारले की सुगंधा म्हणाली, "दादा, तिची चौकशी आधीच झाली हां सरकारात."

परत येताना गाडीत संदेश म्हणाला, "पोरगी मजेची आहे."

"हो."

"परुळेकर तयार झाले?"

"बरेचसे. काल ते उत्तरं न बघता बोलले. दोनच चुका."

"दोन चुकांत पोरगी परत गेली तर?"

वृषाली खिडकीबाहेर पाहू लागली. सड्यावर गवत पिवळं पडू लागलं होतं आणि त्यापलीकडे समुद्राची एक सरळ रेघ होती.

"संदेश, त्या यंत्राशी मी किती वर्षं आहे तुला माहीत आहे. त्यात मला कंटाळा आलेला एक दिवस आठवत नाही. लोक नोकरी सोडतात ती त्रास होतो म्हणून. मला काही त्रासच नाही."

"मग सोडू नकोस."

"आणि सनद?"

"मग सोड." संदेशने गाडी वळणावर हळू केली. "तुझं सगळं असंच. तीन वाचनं झाल्याशिवाय तू चहात साखर घालत नाहीस. माझ्याशी लग्न करायला पण तुला दोन वर्षं लागली."

"ते वाचन बरोबर आलं ना?"

"माझ्या मते आलं. तू अजून कळवलं नाहीस."

ती हसली. पण घरी पोचेपर्यंत तिच्या मनात एक गोष्ट घोळत राहिली. यंत्र चांगलं होतं. आकडा चुकला नव्हता. आकडा आणि माणूस यांच्यामध्ये जी जागा होती तिथे प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. ती तिथे निकाल सांगायला जात होती, पण निकाल लागून गेल्यावर.

सुनावणी तालुक्याच्या जुन्या कचेरीत होती. न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष गुळवणीबाई वेळेवर आल्या. हव्वा सुगंधाशेजारी बसली होती, सुगंधाने नीट विंचरून दिलेल्या केसांनिशी. वृषाली मागच्या बाकावर, श्रोत्यांत.

परुळेकर उभे राहिले आणि वृषालीला अभिमान वाटावा असे बोलले. पेज, गलबतं, पोवळ्याची भिंत, पहिली दाढ, अक्कलदाढ. डमी उमेदवारावर गुळवणीबाईंच्या ओठांची कडाही हलली. "म्हणून आमची एवढीच विनंती," परुळेकर म्हणाले, "अक्कलदाढेचं वाचन व्हावं."

मग सरकारी वकील उठले. तरुण, अभ्यास करून आलेले.

"समजा, वाचन केलं आणि त्यात समुद्र निघाला," ते म्हणाले. "इथल्या किनाऱ्यावरचं मूलही लहानपणी नाचणी खातं आणि मोठेपणी मासे खातं. त्याच्याही अक्कलदाढेत समुद्र निघेल. मग या वाचनाने काय सिद्ध होणार? उगाच कालहरण."

प्रश्न वाईट नव्हता. वृषालीने मनात त्याला दाद दिली. उत्तर तिला लख्ख दिसत होतं. माशाच्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं. इथलं मूल मासे खाऊनही भात, भाजी, विहिरीचं पाणी घेतं ते कातळाचंच, त्यामुळे त्याचा आकडा थोडासा सरकतो आणि मध्येच थांबतो. बेटावर काट्यासकट मासा, नीरफणस, पोवळ्याच्या चुन्याने लिंपलेली टाकी, सगळंच समुद्राचं. तिथे आकडा थेट समुद्रापर्यंत जातो. दोन्हींमधलं अंतर यंत्राला डोळे मिटून ओळखता येईल इतकं मोठं होतं. पण हा प्रश्न तिने परुळेकरांच्या तयारीत घातलाच नव्हता. कारण तिला तो प्रश्न वाटलाच नव्हता.

परुळेकरांनी कागद चाळले. "मासे... म्हणजे इथले मासे आणि तिथले मासे यांत..." ते पुन्हा कागदांत शिरले. "याचं उत्तर आहे, मॅडम. मला खात्री आहे."

"खात्री असून चालत नाही, वकीलसाहेब. उत्तर द्यावं लागतं," गुळवणीबाई शांतपणे म्हणाल्या.

"मुदत मिळाली तर..."

"अर्जदार खूप दिवस कुलपाआड आहे. आणखी मुदत देणं म्हणजे तिलाच शिक्षा. युक्तिवाद संपला असेल तर मी विनंतीवर निर्णय देते."

हव्वाला सगळे शब्द कळले नसतील, पण खोलीतली हवा कळली. ती वळली नाही. मागे बसलेल्या वृषालीकडे तिने मदतीसाठी पाहिलंच नाही. ती फक्त सरळ बसली, आपलं नाव वाचलं जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखी.

वृषालीच्या मनात आलं, उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवावं. पेनही हातात होतं. आणि मग तिला दिसलं की या चिठ्ठीनंतर दुसरा प्रश्न येईल, त्यामागून तिसरा, आणि ती मागच्या बाकावरून चिठ्ठ्या पाठवत राहील. आज, आणि पुढच्या प्रत्येक हव्वाच्या वेळी. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की हा विचार तिला जड वाटला नाही. यंत्र जुळून आलं की आकडा जसा थरथरायचा थांबतो, तसं काहीतरी झालं.

ती उभी राहिली.

"बसून घ्या," सरकारी वकील म्हणाले. "श्रोत्यांना बोलता येत नाही."

"थांबा." गुळवणीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही प्रयोगशाळेच्या तेंडोलकर ना? निकाल समजावायला येता त्या? तुमची साक्ष कुणी मागितलेली नाही."

"नाही, मॅडम."

"मग तुम्ही कोणत्या नात्याने बोलणार?"

परुळेकर खुर्चीत बसलेही होते, आणि त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची मागे सरकवली होती. वृषाली दोन बाकांच्या मधून पुढे आली. हव्वाच्या बाजूला येऊन थांबली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, निकाल समजावताना असायचा तेवढाच.

"प्रयोगशाळेतली नोकरी मी आत्ता, आपल्यासमोर सोडते आहे. माझी सनद चालू झाल्याची नोंद घ्यावी. या प्रकरणात अर्जदाराची वकील मी आहे."